दोन अज्ञात, दोन साक्षी

बीजगणिताच्या पुस्तकात ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ हे प्रकरण आले की व्यापारी घरातील मुले एक प्रश्न हमखास विचारतात. दुकानात मालाचा भाव ठाऊक असतो, वजन ठाऊक असते, गिऱ्हाईकही समोर उभे असते. मग हे ‘क्ष’ आणि ‘य’ आपल्या पेढीच्या कोणत्या कामाचे? वडीलधारी मंडळी बहुधा हसून वेळ मारून नेतात, कारण त्यांनीही शाळेत हाच प्रश्न विचारलेला असतो आणि त्यांनाही त्याचे उत्तर मिळालेले नसते.

वास्तविक हा प्रश्न व्यापाऱ्याच्या घरात तरी अनुत्तरित राहू नये. व्यवहाराचा अनुभव असा, की बेरीज उरते आणि रकमा हरवतात. एकूण बिल ठाऊक असते, पण त्यातील कोणत्या मालाचे किती, हे सांगणारा कागद सापडत नाही. एकूण व्याज ठाऊक असते, पण कोणत्या मुद्दलावर किती, हे लिहिणारा हात राहिलेला नसतो. अशा वेळी हरवलेली रक्कम अंदाजाने न ठरवता नेमकी शोधून काढण्याची जी विद्या, तीच ही समीकरणे होत.

जैन समाजाला तर ह्या विद्येविषयी विशेष आपलेपणा वाटावा असे कारण आहे. इसवी सनाच्या ९ व्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग ह्याच्या काळी महावीराचार्य ह्या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड. ग्रंथाच्या आरंभी आचार्यांनी गणिताची महती गाताना लौकिक व्यवहारापासून पाकशास्त्र, वैद्यक, वास्तुशास्त्र आणि संगीतापर्यंत सर्वत्र गणिताचा उपयोग कसा होतो, हे सांगितले आहे. ह्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर एम. रंगाचार्य ह्यांनी १९१२ मध्ये मद्रासहून प्रसिद्ध केले. पुढे १९६३ मध्ये त्याची हिंदी अनुवादासह आवृत्ती निघाली ती आपल्या सोलापुरातून, जैन संस्कृति संरक्षक संघाच्या वतीने. व्याज, सोन्याचा कस, भागीदारीतील वाटणी, मालाची देवघेव असे पेढीवरचेच विषय ह्या ग्रंथाच्या मिश्रक प्रकरणात पानोपानी भेटतात.

त्याच प्रकरणात फळांच्या किमतीचे एक उदाहरण आहे. त्याचा आशय असा: ९ महाळुंगे आणि ७ कवठे ह्यांची मिळून किंमत १०७ होते, ७ महाळुंगे आणि ९ कवठे ह्यांची मिळून १०१ होते, तर एका महाळुंगाची व एका कवठाची किंमत वेगवेगळी सांगावी. बाजारात उभ्या असलेल्या कोणालाही समजेल असा हा प्रश्न आहे. मिश्र किंमत दिली आहे, सुटा भाव हरवला आहे.

महाळुंगाचा भाव क्ष आणि कवठाचा भाव य मानला, तर दोन विधाने मिळतात.

९क्ष + ७य = १०७
७क्ष + ९य = १०१

एका विधानात दोन अज्ञात असतील तर ते विधान एकट्याने काहीच सांगू शकत नाही. परंतु ते एक गोष्ट मात्र करू शकते. एका अज्ञाताची ओळख दुसऱ्याच्या शब्दांत सांगू शकते. पहिल्या विधानावरून कवठाचा भाव महाळुंगाच्या भावाच्या रूपाने लिहिता येतो: य = (१०७ − ९क्ष) ÷ ७. अजून य ची किंमत कळलेली नाही. केवळ क्ष कळला की य कळेल, इतकेच कळले आहे. आता दुसऱ्या विधानात जेथे य लिहिला आहे, तेथे तो पुसून त्याच्या जागी ही ओळख ठेवावयाची. दुसऱ्या विधानात मग एकच अज्ञात उरतो.

७क्ष + ९ × (१०७ − ९क्ष) ÷ ७ = १०१

दोन्ही बाजूंना ७ ने गुणले की ४९क्ष + ९६३ − ८१क्ष = ७०७. म्हणजे ३२क्ष = २५६, आणि क्ष = ८. महाळुंग ८ चे. ही किंमत ओळखीच्या विधानात ठेवली की य = (१०७ − ७२) ÷ ७ = ५. कवठ ५ चे. ताळा पाहावा: ७२ आणि ३५ मिळून १०७, ५६ आणि ४५ मिळून १०१. दोन्ही विधाने तंतोतंत जुळतात.

आता आचार्यांनी स्वतः दिलेली रीत पाहिली तर आश्चर्य वाटते. मोठ्या संख्येने मोठी किंमत गुणावी, लहान संख्येने लहान किंमत गुणावी, पहिल्यातून दुसरे वजा करावे आणि दोन्ही संख्यांच्या वर्गांतील अंतराने भागावे, असे ते सांगतात. ९ गुणिले १०७ म्हणजे ९६३, ७ गुणिले १०१ म्हणजे ७०७, वजाबाकी २५६, ८१ वजा ४९ म्हणजे ३२, भागाकार ८. आज नववीतील मुलगी पायरीपायरीने जागी किंमत ठेवत जाते तेव्हा तिच्या वहीत जे आकडे उमटतात, तेच हे आकडे. सूत्र म्हणजे त्याच वाटेचा आखूड केलेला मार्ग होय.

येथवर फळांची गोष्ट झाली. हीच रीत घराच्या अब्रूशी कशी जोडलेली असू शकते, हे समजण्यासाठी एक पेढी डोळ्यांसमोर आणावी. सांगलीतील हळदीच्या अडतीची एक लहानशी पेढी कल्पावी आणि साल २००५ धरावे. त्या वर्षीच्या पावसाळ्यात कृष्णेचे पाणी शहरात शिरले, हे सांगलीकरांना सांगावयास नको. हरिपूरच्या जमिनीतील पेवांमध्ये साठवलेल्या हळदीचीही त्या पुरात मोठी नासाडी झाली.

ह्या पेढीचे फडताळ तळमजल्यावर होते. पाणी ओसरल्यावर लाल कापडाच्या बांधणीच्या वह्या बाहेर काढल्या, तेव्हा पाने एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झाला होता. रोजमेळ गेला, खतावणी गेली. त्यांच्याबरोबर आणखी एक वही गेली. तिला घरात ‘घरची वही’ म्हणत. कुटुंबातील माणसांनी पेढीकडे विश्वासाने ठेवलेल्या रकमा त्या वहीत लिहिलेल्या असत आणि ती वही मालकांचे वडील स्वतःच्या हाताने लिहीत. ते आदल्या हिवाळ्यातच निवर्तले होते.

त्या वहीत दोनच खाती होती. एक धाकट्या भावाचे, म्हणजे मालकांच्या काकांचे. दुसरे बहिणीचे, म्हणजे आत्यांचे. व्याजाचे दर घरातील सर्वांना तोंडपाठ होते, कारण वडील तो नियम अभिमानाने सांगत: भावाला नोकरी आहे, म्हणून त्याला ९ टक्के, बहिणीला दुसरा आधार नाही, म्हणून तिला १२ टक्के. दरवर्षी दिवाळीला ते दोघांचे व्याज स्वतः पाकिटात घालून देत. मुद्दल मात्र कोणाचे किती, ह्याची चर्चा त्यांनी कधी केली नाही. काकाही मेच्या उन्हाळ्यात गेले. आत्यांनी नव्वदी ओलांडली होती. त्या मालकांच्याच घरी राहत आणि त्यांना समोरच्या माणसाचे नावही आठवत नसे.

भाद्रपद लागला, पर्वाचे दिवस जवळ आले, तेव्हा काकू पेढीवर आल्या. पाण्याचा वास अजून भिंतींना होता. त्या अवघडून बाकावर बसल्या.

“बाळ, हे असते तर मला यावं लागलं नसतं,” त्या म्हणाल्या. “ठेव किती होती ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. लाखभर असेल, असं बोलण्यातून वाटायचं. तेवढी मिळाली तर पोरीच्या कॉलेजचं निभेल.”

“काकू, वह्यांचं तर तुम्ही बघताच आहात,” मालक म्हणाले. “दोन दिवस द्या. शोधून सांगतो.”

काकू गेल्यावर मालक बराच वेळ गादीवर बसून राहिले. पुराने त्यांची अर्धीअधिक हळद नेली होती. बँकेचा हप्ता थकला होता. काकूंनी स्वतःच एक आकडा सांगितला होता आणि त्या आकड्यावर त्या समाधानी होत्या. वही नव्हती, लिहिणारा नव्हता, दुसऱ्या खात्याच्या धनीण असलेल्या आत्यांना काही आठवत नव्हते. काकूंची रक्कम लाखाहून अधिक असली तरी वरची रक्कम पेढीतच राहिली असती आणि ती कोणाची, हे विचारणारे जगात कोणी उरले नव्हते. नुसते ‘बरं काकू, लाखच’ एवढे तीन शब्द म्हणण्याचा अवकाश होता.

दुसऱ्या दिवशी दिवाणजी कर सल्लागारांकडे जाऊन आले. त्यांचे कार्यालय माडीवर असल्याने तेथील कागद वाचले होते. मार्च २००५ अखेरचा ताळेबंद मिळाला. त्यात खातेवार तपशील नव्हता. दोनच आकडे होते. घरच्या ठेवी एकूण ३,००,००० रुपये. त्या ठेवींवर वर्षभरात दिलेले व्याज एकूण ३१,८०० रुपये.

संध्याकाळी हा कागद घरी आला. मालकांची धाकटी मुलगी जवळच अभ्यास करीत बसली होती. तिने कागद पाहिला आणि वही पुढे ओढली.

“अण्णा, ह्यात दोन गोष्टी माहीत नाहीत, पण दोन गोष्टी माहीत आहेत,” ती म्हणाली. “मग निघेल ना!”

तिने काकांचे मुद्दल क्ष मानले, आत्यांचे य मानले आणि लिहिले:

क्ष + य = ३,००,०००
क्ष वर ९ टक्के + य वर १२ टक्के = ३१,८००

पहिल्या विधानात क्ष एकटाच, कोणत्याही गुणकाशिवाय उभा आहे. अशा वेळी जागी किंमत ठेवण्याची रीत सर्वांत सोयीची. क्ष = ३,००,००० − य. दुसऱ्या विधानात क्ष च्या जागी हे ठेवले की ३,००,००० चे ९ टक्के म्हणजे २७,०००. त्यातून य चे ९ टक्के वजा. त्यात य चे १२ टक्के मिळवावयाचे. म्हणजे २७,००० अधिक य चे ३ टक्के बरोबर ३१,८००. य चे ३ टक्के म्हणजे ४,८००. म्हणून य = १,६०,०००, आणि क्ष = १,४०,०००.

दिवाणजी शेजारी उभे होते. त्यांना क्ष आणि य ठाऊक नव्हते. तरी त्यांनी डोळे मिटून तोंडीच सांगितले, “सगळी रक्कम नऊ टक्क्यांची धरली तर व्याज सत्तावीस हजार. प्रत्यक्षात दिलं एकतीस हजार आठशे. वरचे अठ्ठेचाळीसशे बारा टक्केवाल्यांमुळे आले. प्रत्येक शेकड्यामागे तीन रुपये जास्त. म्हणजे आत्याबाईंचे एक लाख साठ हजार. मालक, पोरीचं बरोबर आहे.”

मुलीच्या वहीतील ओळ आणि दिवाणजींचा तोंडी हिशेब ह्यांत काडीचाही फरक नाही. ‘सगळी रक्कम नऊ टक्क्यांची धरली तर’ असे म्हणणे हेच क्ष च्या जागी ३,००,००० − य ठेवणे होय. जुन्या पेढ्यांवर ही रीत बिनअक्षरांची चालत असे. शाळेत तिला अक्षरे मिळाली.

मालकांनी मात्र एक शंका काढली, आणि ती रास्त होती. वर्षाच्या मध्येच कोणी रक्कम काढली किंवा भरली असेल तर? मग व्याज पूर्ण वर्षाचे धरता येणार नाही आणि सारा हिशेब कोसळेल. दिवाणजींनी त्याच्या आदल्या वर्षीचा ताळेबंदही आणला होता. तेथेही ठेवी ३,००,००० आणि व्याज ३१,८०० हेच आकडे होते. काकांच्या खात्यातून काही काढून तेवढेच आत्यांच्या खात्यात घातले असते, तर बेरीज तीच राहिली असती. परंतु दर वेगळे असल्याने व्याज बदलले असते. दोन्ही वर्षी दोन्ही आकडे तेच असल्याने रकमा हललेल्या नाहीत, असे मानण्यास भक्कम आधार मिळाला.

मग मुलीने काकूंचा आकडा तपासून पाहिला. काकांचे १,००,००० असते तर त्यांचे व्याज ९,००० झाले असते. उरलेल्या २,००,००० वर आत्यांचे २४,०००. बेरीज ३३,०००. ताळेबंद ३१,८०० म्हणतो. लाखाच्या आकड्याला ताळा लागत नव्हता. मालकांनी वही मिटली आणि ते काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदिरातून येताना ते काकूंच्या घरी गेले. त्यांनी एक कागद पुढे ठेवला. त्यावर १,४०,००० हा आकडा, तो कसा निघाला ह्याच्या चार ओळी आणि खाली सही होती. ४०,००० रुपये त्यांनी तेव्हाच दिले. उरलेले लाख ९ टक्के व्याजासह दोन वर्षांत फेडण्याचे लिहून दिले, कारण एकदम देण्याइतकी रोकड पेढीत नव्हती आणि ते त्यांनी लपवले नाही.

“अरे, मी लाखच म्हणाले होते,” काकू म्हणाल्या.

“तो तुमचा अंदाज होता, काकू. हा हिशेब आहे.”

घरी परतल्यावर त्यांनी नवी ‘घरची वही’ घातली. पहिल्या पानावर काकूंचे खाते उघडले आणि दुसऱ्या पानावर आत्यांच्या नावे १,६०,००० जमा लिहिले, ज्या आत्यांना ते वाचता येणार नव्हते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘न्यासापहार’ हा एक आहे. न्यास म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव. आचार्य पूज्यपादांनी ‘सर्वार्थसिद्धि’ टीकेत त्याचा जो अर्थ उलगडला आहे, तो आजच्या बँक अधिकाऱ्यालाही विचारात पाडील. ठेवणारा आपली रक्कम किती होती हे विसरला आणि त्याने कमी मागितली, तेव्हा ‘हो, तेवढीच’ अशी संमती देणे म्हणजे न्यासापहार. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की हा दोष अचौर्याच्या नव्हे, सत्याच्या व्रताखाली मोजला आहे. येथे कोणी तिजोरी फोडत नाही, खोटी पावती करत नाही. फक्त दुसऱ्याच्या विस्मृतीला होकार देतो. ‘घेणाऱ्यानेच आकडा सांगितला’ ही पळवाट शास्त्रकारांनी शेकडो वर्षांपूर्वी बंद केली होती. आणि ‘वहीच राहिली नाही, खरे काय ते कसे कळणार’ ही दुसरी पळवाट पुष्कळदा बीजगणित बंद करते. खरी रक्कम शोधता येण्यासारखी असताना न शोधणे, हे न कळण्यापेक्षा वेगळे आहे.

अर्थात ही रीत सर्वशक्तिमान आहे असा समज करून घेऊ नये. तिच्या मर्यादा व्यापाऱ्याने नीट ओळखल्या पाहिजेत. वरच्या घरात भावाला आणि बहिणीला एकच दर, समजा १० टक्के, असता तर काय झाले असते? पहिले विधान: दोघांची रक्कम ३,००,०००. दुसरे विधान: दोघांच्या रकमेवर १० टक्के म्हणजे ३०,०००. दुसऱ्या विधानात नवे काहीच नाही. पहिल्याचाच दहावा हिस्सा पुन्हा सांगितला आहे. अशा वेळी क्ष च्या जागी ३,००,००० − य ठेवले तर य दोन्हीकडून नाहीसा होतो आणि ३०,००० = ३०,००० असे खरे पण निरुपयोगी वाक्य हाती उरते. एकाच साक्षीदाराने तीच गोष्ट दोनदा सांगितली म्हणून दोन साक्षी होत नाहीत.

याउलट तोच दर असताना ताळेबंदात व्याज ३१,८०० दिसले असते, तर ३०,००० = ३१,८०० असे अशक्य वाक्य मिळाले असते. त्याचा अर्थ असा, की दोन साक्षींपैकी एक चुकीची आहे; दर तरी चुकला, रक्कम तरी चुकली, किंवा कागद तरी. तेव्हा उत्तर काढण्याचा हट्ट सोडून पुन्हा मूळ कागदांकडे जावे. जितके अज्ञात, तितकी परस्परांपासून स्वतंत्र आणि परस्परांशी सुसंगत विधाने हवीत, हा नियम न्यायालयातील पुराव्याइतकाच पेढीवरच्या हिशेबालाही लागू आहे.

रीत निवडण्याचाही विवेक असावा. एखाद्या विधानात अज्ञात एकटा उभा असेल, जसा ठेवींच्या बेरजेत होता, तर त्याची ओळख काढून दुसऱ्या विधानात ठेवणे सर्वांत सुलभ. महाळुंगांच्या उदाहरणात मात्र आरंभीच ७ ने भागावे लागले. तेथे आधी दोन्ही विधानांची बेरीज केली तर १६क्ष + १६य = २०८, म्हणजे क्ष + य = १३ असे सुटसुटीत विधान मिळते. मग य च्या जागी १३ − क्ष ठेवून पहिले विधान ९क्ष + ९१ − ७क्ष = १०७ असे होते आणि क्ष = ८ हे उत्तर दोन ओळींत येते. अपूर्णांक टाळण्यासाठी क्षणभर थांबून दोन्ही विधानांकडे एकत्र पाहणे, एवढेच त्यासाठी करावे लागते.

महाराष्ट्राशी नाते असलेल्या आणखी एका थोर गणितज्ञाचे उदाहरण येथे आठवते. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. त्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात दोन मित्रांचा एक प्रश्न आहे. त्याचा आशय असा: पहिला म्हणतो, तू मला १०० दिलेस तर माझे धन तुझ्या दुप्पट होईल. दुसरा म्हणतो, तू मला १० दिलेस तर माझे धन तुझ्या सहापट होईल. तर प्रत्येकाचे धन किती?

येथे दोन अज्ञात दिसतात, पण आचार्यांनी ते एकातच गुंफले. १०० दिल्यानंतर दुसऱ्याजवळ जे उरेल त्याला क्ष म्हणावे. तेव्हा पहिल्याजवळ त्याच्या दुप्पट, २क्ष असेल. म्हणजे देवघेवीपूर्वी पहिल्याजवळ २क्ष − १०० आणि दुसऱ्याजवळ क्ष + १०० होते. पहिली अट नाव ठेवतानाच पूर्ण झाली. आता दुसरी अट: पहिल्याने १० दिले की त्याच्याजवळ २क्ष − ११० उरतात आणि दुसऱ्याजवळ क्ष + ११० होतात. क्ष + ११० = ६ × (२क्ष − ११०), म्हणजे ११क्ष = ७७०, आणि क्ष = ७०. पहिल्याचे धन ४०, दुसऱ्याचे १७०. ताळा: १४० हे ७० च्या दुप्पट, १८० हे ३० च्या सहापट. एका अटीला नावातच सामावून घेतले की दुसरी अट एकटी उरते आणि बोलू लागते. जागी किंमत ठेवण्याच्या रीतीचे ह्याहून सुबक रूप क्वचितच सापडेल.

आता घरातील विद्यार्थ्यांसाठी ह्या महिन्याचा प्रश्न. एका दुकानाने घाऊक व्यापाऱ्याकडून ५ टक्के आणि १८ टक्के जीएसटी लागणारा माल एकाच बिलावर घेतला. बिलाचा खालचा भाग भिजून तपशील पुसला गेला. दोनच आकडे वाचता येतात. मालाची करपूर्व एकूण किंमत ५०,००० रुपये आणि एकूण कर ५,१०० रुपये. तर कोणत्या दराचा माल किती रुपयांचा? मुलांनी हा प्रश्न समीकरणे मांडून सोडवावा. आजोबांनी तो कागदाला हात न लावता, दिवाणजींच्या रीतीने सोडवून पाहावा. दोघांची उत्तरे जुळतात की नाही, ते रात्रीच्या जेवणापूर्वी, दिवेलागणीच्या आत पडताळावे. ताळ्यासह उत्तर पुढील अंकी दिले जाईल.